जॉन मॅगिऑक आणि पंकनंतरची गिटार

१९७६ पूर्वीच्या ब्रिटिश रॉकमध्ये गिटारवादकाची योग्यता बहुतांशी त्याच्या सोलोवरून, म्हणजे गाण्यात त्याने एकट्याने रंगवलेल्या तुकड्यावरून, ठरत असे. पंक या रॉकच्या बंडखोर शैलीने ती रीतच मोडीत काढली. लांबलचक सोलो हा श्रीमंती थाट ठरला आणि तीन कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वरसमूह), वेग आणि आवेश एवढ्यावर गाणे उभे राहू लागले. मात्र त्या पहिल्या लाटेचा जोर वर्ष-दीड वर्षात ओसरू लागल्यावर पंकमधून आलेल्या वादकांपुढे प्रश्न उभा राहिला: जुन्या सोलोकडे परतायचे नाही आणि त्याच तीन कॉर्डमध्ये अडकूनही पडायचे नाही, तर मग गिटारने करायचे काय? या प्रश्नाचे सर्वांत सकस उत्तर ज्यांच्या वादनात सापडते, ते म्हणजे स्कॉटलंडचे जॉन मॅगिऑक, असे माझे मत आहे. त्यांचे नाव सर्वसामान्य श्रोत्यांना फारसे परिचित नाही. गिटारवादक मात्र ते आदराने घेतात.

मॅगिऑक यांचा जन्म २५ ऑगस्ट १९५५ रोजी क्लाइड नदीकाठच्या ग्रीनॉक या गावी झाला. १९७१ मध्ये कुटुंब लंडनच्या पूर्वेकडील भागात राहायला आले आणि १९७५ मध्ये ते चित्रकलेच्या शिक्षणासाठी मँचेस्टर पॉलिटेक्निकमध्ये दाखल झाले. त्या काळातले मँचेस्टर समजून घेतल्याशिवाय त्यांच्या पुढच्या वाटचालीचा उलगडा होत नाही. जून १९७६ मध्ये हॉवर्ड डेव्होटो आणि पीट शेली या दोघांनी शहरात सेक्स पिस्टल्स या पंक बँडचा कार्यक्रम घडवून आणला, त्यांच्या बझकॉक्स या बँडने जानेवारी १९७७ मध्ये स्वखर्चाने ‘स्पायरल स्क्रॅच’ ही छोटी रेकॉर्ड काढली आणि पाठोपाठ, सगळे लक्ष त्यांच्याकडे वळलेले असतानाच, डेव्होटो बझकॉक्समधून बाहेर पडले. पंक आता ठरावीक साच्याचा होऊ लागला आहे, असे त्यांना वाटत होते. पुढे मॅगझिन म्हणून ओळखल्या गेलेल्या नव्या बँडसाठी वादक हवेत, अशी सूचना त्यांनी एका रेकॉर्डच्या दुकानात लावली. तिच्यात संथ संगीताचाही उल्लेख होता आणि पंक मनोवृत्ती आवश्यक नसल्याचेही लिहिले होते. मॅगिऑक यांची त्यांच्याशी गाठ घालून दिली ती माल्कम गॅरेट या ग्राफिक डिझायनर मित्राने. पुढे हेच गॅरेट बझकॉक्स आणि मॅगझिन या दोन्ही बँडच्या रेकॉर्डच्या वेष्टनांमुळे नावारूपाला आले.

मॅगझिनचे पहिले गाणे ‘शॉट बाय बोथ साइड्स’ जानेवारी १९७८ मध्ये आले. त्याची चढत जाणारी रिफ (पुन्हा पुन्हा येणारी छोटी स्वराकृती) मूळची शेली यांची. त्याच वर्षी बझकॉक्सनेही ती ‘लिपस्टिक’ या गाण्यात वापरली. एकच रिफ असलेली ही दोन गाणी लागोपाठ ऐकली, तर मॅगिऑक यांनी तिच्यात किती ताण भरला ते लगेच जाणवते. ‘रिअल लाइफ’ (१९७८), ‘सेकंडहँड डेलाइट’ (१९७९) आणि ‘द करेक्ट यूज ऑफ सोप’ (१९८०) या तीन अल्बमांत डेव्ह फॉर्म्युला यांचे कीबोर्ड आणि बॅरी अॅडमसन यांचा बास यांच्यामध्ये त्यांची गिटार कधी पुढे येते, तर कधी जवळपास अदृश्य होते. गरज पडेल तेव्हा ते सॅक्सोफोनही वाजवत. समीक्षकांनी कौतुक केले, पण रेकॉर्ड बेताच्याच खपल्या आणि १९८० मध्ये मॅगिऑक यांनी बँड सोडला.

त्यापूर्वीच सूझी अँड द बॅन्शीजबरोबर त्यांचे काम सुरू झाले होते. सप्टेंबर १९७९ मध्ये ऐन दौऱ्यात, अॅबर्डीन येथे, या बँडचे गिटारवादक आणि ड्रमवादक निघून गेले होते. ती जागा भरताना मॅगिऑक यांनी सर्वस्वी नवी भाषा आणली. अख्खी कॉर्ड एकदम न झोडपता ते तिच्यातले स्वर एकेक करून छेडत आणि एखादी तार मोकळी ठेवून तिचा स्वर घुमू देत. सतारीच्या चिकारीची आस सुटी राहते, तशी ती तार सतत ऐकू येते. यामाहा एसजी-१००० ही गिटार आणि एमएक्सआर कंपनीचे फ्लँजर हे त्यांचे आवडते साहित्य होते. फ्लँजरमध्ये मूळ ध्वनीत त्याचीच किंचित उशिरा येणारी प्रत मिसळली जाते आणि हा उशीर सतत कमी-जास्त होत राहिल्याने आवाज लाटेसारखा हेलकावतो. अनेकांनी हे यंत्र नुसते शोभेसाठी वापरले. मॅगिऑक यांच्याकडे मात्र तो हेलकावा चालीचाच एक भाग होतो आणि काढून टाकला तर चालच अपुरी वाटेल.

उंच पट्टीतली छोटी, पुन्हा पुन्हा येणारी स्वराकृती असलेले मार्च १९८० मधील ‘हॅपी हाउस’ हे गाणे लोकप्रिय गाण्यांच्या ब्रिटिश यादीत १७ व्या क्रमांकापर्यंत पोहोचले. पाठोपाठ ‘कॅलिडोस्कोप’ हा अल्बम आला आणि जून १९८१ मध्ये ‘जूजू’. ‘जूजू’तील ‘स्पेलबाउंड’मध्ये विजेच्या गिटारवरची नाजूक नक्षी आणि तिच्याखाली बजी यांच्या ड्रमशी शर्यत लावल्यागत धावणारी अकूस्टिक गिटार यांचा जो मेळ जमला आहे, त्याला तोड नाही. सोलो कुठेच नाही, तरीही गिटारवरून लक्ष हटत नाही. गॉथिक रॉक म्हणून पुढे जी गडद, उदास शैली ओळखली गेली, तिच्या गिटारचा मोठा भाग याच अल्बमातून आला.

हे वैभव टिकले नाही. सततचे दौरे, ताण आणि मद्य यांमुळे १९८२ च्या अखेरीस, ‘अ किस इन द ड्रीमहाउस’ प्रसिद्ध होत असतानाच, माद्रिद येथे ते कोलमडले. बँडने त्यांच्या जागी द क्युअरच्या रॉबर्ट स्मिथ यांना घेतले. रिचर्ड जॉबसन यांच्यासोबतच्या द आर्मरी शो या बँडचा एकच अल्बम, ‘वेटिंग फॉर द फ्लड्स’, १९८५ मध्ये निघाला. १९८६ मध्ये ते सेक्स पिस्टल्सचे माजी गायक जॉन लायडन यांच्या पब्लिक इमेज लिमिटेड या बँडमध्ये गेले आणि १९९२ मध्ये तो बँड थांबेपर्यंत तिथेच राहिले. त्या काळातले ‘डिसअपॉइंटेड’ हे गाणे १९८९ मध्ये अमेरिकेच्या मॉडर्न रॉक यादीत पहिले आले, तरी त्यांचे सर्वांत धाडसी काम त्यापूर्वीच होऊन गेले होते.

नव्वदच्या दशकात संगीताचा व्यवसाय मागे पडला आणि त्यांनी परिचारकाचे प्रशिक्षण घेतले. ४ मार्च २००४ रोजी, वयाच्या ४८ व्या वर्षी, झोपेतच त्यांचे निधन झाले. तोवर रेड हॉट चिली पेपर्सचे गिटारवादक जॉन फ्रुशांते त्यांच्या वादनाचा अभ्यास केल्याचे सांगू लागले होते आणि रेडिओहेड या बँडच्या २००३ मधील ‘देअर देअर’ या गाण्यावर मॅगिऑक यांची छाप उघड दिसत होती. २००८ मध्ये बीबीसी रेडिओ २ ने त्यांच्यावर खास कार्यक्रम प्रसारित केला आणि त्याला नाव दिले ‘स्पेलबाउंड’.