बीएस्सी आयटीला सायन्सच लागतं?

दहावीचा निकाल लागला की हे वाक्य घरोघरी ऐकू येतं : “आयटी करायचंय ना? मग सायन्सच घे.” मुंबई विद्यापीठाच्या बीएस्सी आयटीपुरतं तरी हे खरं नाही. तिथे अट शाखेची नाही, गणिताची आहे. बारावीला ‘गणित व संख्याशास्त्र’ हा विषय आणि खुल्या गटासाठी एकूण किमान ४५ टक्के गुण. गणित घेतलेला कॉमर्सचा विद्यार्थीही चालतो.

खरी चूक अकरावीचा फॉर्म भरताना होते. कॉमर्सला अनेक ठिकाणी गणित किंवा एसपी, म्हणजे चिटणिसाची कार्यपद्धती, असा पर्याय असतो. गणिताच्या धास्तीने मुलं एसपीवर टिक करतात आणि तिथेच ही वाट बंद होते. उलट, सायन्सला जाऊन गणित सोडून बायोलॉजी घेणाराही याच अटीत अडकतो. हे कुणी वेळेवर सांगत नाही, याचं फार वाईट वाटतं.

गणित सुटलंच असेल तर बीसीए हा संगणकाचाच पदवी अभ्यासक्रम आहे. कोणत्याही शाखेतून बारावी झालेल्यांना तो करता येतो; मात्र एआयसीटीई (तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद) मान्यताप्राप्त कॉलेजांसाठी २०२४पासून राज्याची सीईटी, म्हणजे प्रवेश परीक्षा, सुरू झाली आहे, तिचा अर्ज चुकवू नका.