इंदूरच्या पाट्या आणि दोन वळणांचा ल

इंदुरात ग्राफिक डिझाइनचा विषय निघाला की बोलणं हमखास माणिकबागेवर येतं. 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला तरुण होळकर महाराजांनी एका जर्मन वास्तुकाराकडून तो महाल बांधून घेतला. साध्या रेषा, धातूच्या नळ्यांचं फर्निचर, नक्षीला पूर्ण फाटा. तेव्हा युरोपातसुद्धा ही शैली ताजीच होती. पण ती महालाच्या फाटकाबाहेर फारशी आलीच नाही. शहरातल्या लग्नपत्रिका वेलबुट्टीच्या चौकटीत आणि वर गणपतीचा ब्लॉक, अशाच छापल्या जात राहिल्या.

त्यापेक्षा 1927 मध्ये सुरू झालेल्या इथल्या कलाशाळेचं देणं मोठं. तिथले विद्यार्थी पुढे मुंबईला गेले. त्यांतल्या एका जगप्रसिद्ध चित्रकारानं आधी पोट भरलं ते सिनेमाचे बोर्ड रंगवून. मुंबईत 1935 पासून कमर्शियल आर्ट स्वतंत्रपणे शिकवायला लागले. इंदूरच्या बाजारपेठेत मात्र शैली ठरवली ती पेंटरांनी. चपट्या ब्रशनं ओढलेली जाड-बारीक अक्षरं, उजवीकडे खाली सावली, पिवळ्यावर लाल किंवा निळ्यावर पांढरं. राजवाड्याच्या आसपासच्या जुन्या दुकानांवर अशी एखादी पाटी अजून दिसली, तर ती कुठल्याही फ्लेक्सपेक्षा लांबून वाचता येते.

खरा गुंता आहे तो अक्षरांच्या वळणाचा. छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायच्या काळात देवनागरीची दोन घराणी होती, मुंबईचं आणि उत्तरेकडचं. अ, झ, ण, ल, श ही अक्षरं दोन्हीकडे वेगळी दिसत. इंदूरची गंमत अशी की मराठी घरात मूल एक वळण गिरवायचं आणि हिंदी शाळेत दुसरं. 1966 साली केंद्र सरकारनं मानक देवनागरी वर्णमाला प्रसिद्ध केली. तिच्यात अ, झ आणि ण मुंबईचे घेतले. ल आणि श मात्र उत्तरेकडचे, म्हणजे दंडाचा ल आणि गाठीचा श. ही वाटणी कागदावर समतोल वाटते. टाइपरायटर आणि छपाईच्या यंत्रांसाठी एकच साचा लागतो, हे कारणही खोटं नव्हतं. पण अ बदलल्याचं उत्तरेत आज कुणाच्या लक्षातही नाही. मराठी माणसाला मात्र ल आणि श सतत खटकत राहिले. ‘लक्ष्मी’ आणि ‘शुभविवाह’ हे पत्रिकेतले सर्वांत ठळक शब्द, आणि नेमकी हीच अक्षरं त्यांच्या सुरुवातीला.

महाराष्ट्र शासनानं नोव्हेंबर 2009 मध्ये निर्णय काढून पाकळीचा ल आणि देठाचा श, म्हणजे मुंबईच्याच वळणाचे, मराठीसाठी ठरवून दिले. उशीर झाला, पण झालं. मध्य प्रदेशाला तो निर्णय लागू असण्याचा प्रश्नच नव्हता. तोवर इथल्या डीटीपीच्या दुकानांत कृतिदेव हा फॉन्ट घट्ट बसला होता आणि त्याचं वळण हिंदीच. रामबागेतल्या मंडळाची गणेशोत्सवाची पत्रिकाही त्याच फॉन्टात निघे. भाषा मराठी, अक्षर हिंदी.

2000 नंतर फ्लेक्स आलं. एका रात्रीत बोर्ड तयार, फोटो हवे तेवढे. पेंटरांची कामं गेली, ब्रशचा जाड-बारीकपणा गेला आणि अक्षरांना सोनेरी ग्रेडियंट चढला. 2017 मध्ये शहर स्वच्छतेत देशात पहिलं आलं. त्या मोहिमेत भिंती घोषणांनी आणि चित्रांनी रंगल्या, तेव्हा हाती ब्रश धरणाऱ्यांना पुन्हा काम मिळालं. त्या भिंतींवरची अक्षरं बहुतेक फॉन्ट बघून उतरवलेली वाटतात, हा भाग वेगळा.

आता युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकात प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, दोन्ही ल एकाच क्रमांकाचे आहेत आणि दोन्ही श सुद्धा. कुठलं वळण दिसेल ते फॉन्ट ठरवतो. काही फॉन्टांत दोन्ही आकार भरलेले असतात आणि मजकुराची भाषा मराठी निवडली की पाकळीचा ल उमटतो. दुकानातला मुलगा भाषा हिंदीच ठेवतो, कारण दिवसभरातलं बहुतेक काम हिंदीतलं. पत्रिका छापायला देताना हे सांगावं लागतं, आणि प्रूफ हाती आलं की आधी ल बघावा लागतो.