साळुंके, अण्णा

साळुंके, अण्णा : (कार्यकाळ सुमारे १९१२–३१). मूकपटांच्या आरंभकाळातील स्त्रीपार्टी नट व पुढे छायालेखक (कॅमेरामन). दादासाहेब फाळके यांच्या राजा हरिश्चंद्र (१९१३) या चित्रपटात त्यांनी तारामतीची भूमिका केली आणि लंकादहन (१९१७) मध्ये राम व सीता या दोन्ही भूमिका एकट्याने वठवल्या. भारतीय पडद्यावरची पहिली नायिका आणि पहिली दुहेरी भूमिका असे दोन्ही मान त्यांना दिले जातात. श्रेयनामांत व सूच्यांत त्यांचे नाव साळुंके, साळुंखे, अण्णासाहेब साळुंके, ए. साळुंके असे वेगवेगळे आढळते. या सर्व नोंदी एकाच व्यक्तीच्या आहेत.

‘पहिली नायिका’ या मानाला एक पुस्ती जोडावी लागते. रामचंद्र गोपाळ तोरणे यांचा पुंडलिक गिरगावातील कॉरोनेशन चित्रपटगृहात १८ मे १९१२ रोजी, म्हणजे राजा हरिश्चंद्रच्या जवळजवळ वर्षभर आधी दाखवला गेला. तो रंगमंचीय नाटकाचे चित्रण होता, त्याचा छायालेखक परदेशी होता आणि फिल्मच्या पट्टीवरील प्रक्रियाही लंडनमध्ये झाली. या कारणांनी बहुतेक इतिहासकार त्याला पहिला कथापट मानत नाहीत. ही मांडणी स्वीकारली तरच साळुंके यांचे अग्रस्थान टिकते. येथे ती स्वीकारली आहे.

फाळके यांनी नायिकेसाठी प्रथम जाहिराती दिल्या, नंतर वेश्यावस्तीतही शोध घेतला. सिनेमात काम करण्याला त्या काळी इतकी अप्रतिष्ठा होती, की ‘हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत’ कामाला आहोत असे बाहेर सांगा, अशी सूचना फाळके यांनी आपल्या मंडळींना दिली होती. अखेर ग्रँट रोडवरच्या एका उपाहारगृहात चहा पिताना त्यांची नजर तेथे काम करणाऱ्या सडपातळ बांध्याच्या, निमुळत्या बोटांच्या तरुणावर गेली. हा तरुण तेथे आचारी होता असे काहीजण लिहितात, तर काहीजण वाढपी. आचारी हा उल्लेख अधिक वेळा येतो. गिऱ्हाइकाच्या सहज नजरेस पडणारा माणूस वाढपी असण्याचा संभव मात्र जास्त वाटतो. लहानशा हॉटेलात एकच माणूस दोन्ही कामे करत असे, हेही विसरता येत नाही. तेथे साळुंके यांना महिना १० रुपये मिळत. फाळके यांनी १५ रुपये देऊ केले. या आकड्यांबद्दल फारसा वाद नाही.

तालमी दादरला फाळके यांच्या राहत्या घरी झाल्या. स्त्रीभूमिका करणाऱ्यांनी लुगडी नेसून वावरावे, तांदूळ निवडावेत, दळण-कांडण करावे आणि त्यातून बायकांच्या हालचाली अंगी बाणवाव्यात, असा फाळके यांचा दंडक होता. वडील हयात असताना मिशा काढणे अशुभ मानले जाई. त्यामुळे मिशा उतरवताना मोठी कुरबूर झाल्याची आठवण सांगतात. ती साळुंके यांच्यापुरती होती की सगळ्याच स्त्रीपार्ट्यांची, याबाबत सांगणाऱ्यांत एकमत नाही.

मराठी रंगभूमीवरील स्त्रीपार्टीची परंपरा तेव्हा भरात होती. बालगंधर्वांनी गंधर्व नाटक मंडळी स्थापन केली तीही १९१३ मध्येच. तरीही साळुंके यांना त्या परंपरेचे अपत्य म्हणणे बरोबर नाही. संगीत नाटकातील नायिकेचे निम्मे यश गळ्यात असे. मूकपटाला गळा नको होता, शब्दोच्चारही नको होते; चेहरा, हात, चाल आणि पदर सावरण्याची लकब एवढ्यावर भूमिका उभी राही. रंगभूमीचा अनुभव नसलेला हॉटेलातला तरुण दत्तात्रय दाबके यांच्यासारख्या नाटकातून आलेल्या नटासमोर (हरिश्चंद्राची भूमिका त्यांची होती) उभा राहू शकला, तो या फरकामुळे.

राजा हरिश्चंद्रचा खास खेळ ग्रँट रोडवरच्या ऑलिंपिया थिएटरात २१ एप्रिल १९१३ रोजी झाला आणि जाहीर प्रदर्शन ३ मे १९१३ रोजी कॉरोनेशनमध्ये. चित्रपट चार रिळांचा, ३,७०० फूट लांबीचा होता. तो ४० मिनिटांचा होता असे अनेक ठिकाणी छापले जाते. त्याचा खुलासा करणे जरूर आहे. ३५ मिलिमीटर पट्टीच्या एका फुटात १६ चौकटी (फ्रेम) बसतात. मूकपट हाताने फिरवून साधारणपणे सेकंदाला १६ चौकटींच्या आसपास दाखवत, म्हणजे सेकंदाला एक फूट. या हिशेबाने खेळ तासाभराचा होतो. ४० मिनिटांचा आकडा बोलपटाच्या २४ चौकटींच्या वेगाने काढलेला दिसतो. या चित्रपटाची ५७,००० छायाचित्रे व दोन मैल लांबीची पट्टी अशी जाहिरात झाल्याचे सांगतात. त्यातला पहिला आकडा या गणिताशी (३,७०० × १६ = ५९,२००) बराच जुळतो. दोन मैल ही मात्र अतिशयोक्ती आहे. पट्टी पाऊण मैलाहूनही थोडी कमी भरते.

यापुढचा प्रश्न साळुंके यांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात राजा हरिश्चंद्रची पहिली व चौथी अशी दोन रिळे आहेत. ती १९१३ ची, असे दीर्घकाळ समजले जाई. फाळके यांनी १९१७ मध्ये तीच कथा सत्यवादी राजा हरिश्चंद्र या नावाने पुन्हा चित्रित केली होती आणि तारामती तेव्हाही साळुंकेच होते. उपलब्ध रिळे या दुसऱ्या आवृत्तीची आहेत, असे वीरचंद धरमसी व अन्य अभ्यासकांचे मत आहे. मूळ प्रत बैलगाडीतून नेताना उन्हाच्या तापाने पेटली, म्हणून पुनर्चित्रण करावे लागले, अशी हकीकत सांगितली जाते. नायट्रेटची पट्टी ज्वालाग्राही असल्याने ती अशक्य नाही. पण निगेटिव्ह शाबूत असते तर नवी प्रत काढता आली असती, चित्रपट पुन्हा घेण्याचे कारण नव्हते. तेव्हा निगेटिव्हही निकामी झाली असावी, किंवा फाळके यांना चार वर्षांत हाती आलेल्या कौशल्याने तो विषय पुन्हा करायचा असावा. दुसरा तर्कही टाकून देण्यासारखा नाही.

या नोंदीत १९१७ ग्राह्य धरले आहे. त्याचा अर्थ असा, की पहिल्या रिळाच्या आरंभी राजा मुलाला धनुर्विद्या शिकवत असताना शेजारी उभी असलेली, राजा रविवर्म्याच्या चित्रातून उतरल्यासारखी तारामती आणि चौथ्या रिळात वधासाठी मान वाकवणारी तारामती ही ग्रँट रोडहून नुकत्याच आलेल्या मुलाची नव्हे. कॅमेऱ्यापुढे चार वर्षे काढलेल्या, त्याच वर्षी सीता करणाऱ्या नटाची ती आहे. या रिळांवरून १९१३ च्या अभिनयाबद्दल अनुमाने काढण्याची सवय सोडली पाहिजे. तारामती व तिच्या भिजलेल्या सख्यांचा जलक्रीडेचा प्रसंग हे भारतीय पडद्यावरचे पहिले स्नानदृश्य असल्याचे या संग्रहालयाचे संस्थापक पी. के. नायर यांनी दाखवून दिले आहे; त्यातील सर्व स्त्रिया पुरुष नट होते.

स्त्रिया मिळत नव्हत्या म्हणून पुरुषांनी कामे केली, एवढे स्पष्टीकरण १९१३ ला पुरते, १९१७ ला पुरत नाही. राजा हरिश्चंद्रनंतर लगेचच फाळके यांनी मोहिनी भस्मासुर मध्ये दुर्गाबाई कामत (पार्वती) व त्यांची कन्या कमलाबाई, पुढच्या कमलाबाई गोखले (मोहिनी), यांना घेतले होते. तरीही चार वर्षांनी सीता साळुंके यांनाच मिळाली. पुढे कालिया मर्दन (१९१९) मध्ये फाळके यांच्या कन्येने, मंदाकिनीने, बाळकृष्ण साकारला. वेषांतर त्या काळी दोन्ही बाजूंनी चाले आणि प्रेक्षकाला ते खटकत नसे.

लंकादहन गिरगावच्या वेस्ट एंड चित्रपटगृहात लागला. सकाळी सातपासून मध्यरात्रीपर्यंत खेळ चालत, पडद्यावर राम येताच लोक पायातल्या चपला काढत आणि मद्रासला जमा झालेली नाणी पोलिसांच्या पहाऱ्यात बैलगाडीतून न्यावी लागली, अशा आठवणी आहेत. हनुमानाची भूमिका गणपत शिंदे यांनी केली होती. सीताहरणानंतर कथेचा मोठा भाग राम आणि सीता एकमेकांपासून दूर असतात. त्यामुळे एका नटाने दोघांना उभे करणे तांत्रिकदृष्ट्या वाटते तितके अवघड नव्हते; खरी कसोटी अभिनयाची होती. रामाचे स्नायू पिळदार दिसत आणि सीतेची कंबर नाजूक, तरी दोघे एकच आहेत हे कित्येकांच्या ध्यानात येत नसे, असे जुने लोक सांगत.

१९१८ पासून फाळके नाशिकला हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनीत काम करू लागले. तेथील १९२० च्या दशकातील चित्रपटांत साळुंके यांचे नाव मुख्यतः छायालेखक म्हणून येते. चार वर्षे ज्या कॅमेऱ्यासमोर उभे राहिले, त्याच्या मागे ते गेले. हे काम १९३१ पर्यंत चालले. त्याच वर्षी १४ मार्चला गिरगावच्या मॅजेस्टिकमध्ये आलम आरा हा पहिला भारतीय बोलपट लागला. परेश मोकाशी यांच्या हरिश्चंद्राची फॅक्टरी (२००९) या मराठी चित्रपटात तारामतीच्या शोधाचा प्रसंग येतो. लंकादहनचा काही भाग संग्रहालयात शिल्लक आहे.