वसाहतीचे वार्तापत्र छापून घेणाऱ्या ग्राहकांसाठी माहिती

लातूर शहरातील रहिवासी संघ आणि गृहनिर्माण संस्था यांची वार्तापत्रे आम्ही छापतो. हाती येणाऱ्या मजकुरात पहिल्या पानावर बहुधा पदाधिकाऱ्यांचे मनोगत आणि सत्काराची छायाचित्रे असतात, आणि पाण्याविषयीची माहिती शेवटच्या पानाच्या तळाशी जाते. हा क्रम बदलावा, अशी आमची आग्रहाची विनंती आहे. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या या शहरात पाण्याची बातमी प्रत्येक घर सर्वांत आधी वाचते.

मात्र ती नेमकी असावी. ‘पाणीपुरवठा विस्कळीत आहे’ एवढ्याने कोणाचेच काम होत नाही. कोणत्या गल्लीची पाळी कोणत्या वारी आहे, टँकर कोठे उभा राहील, अडचण आल्यास कोणाकडे जावे आणि ही माहिती कोणत्या तारखेची आहे, हे सर्व त्यात यावे. अंक वाटून होईपर्यंत वेळापत्रक बदलू शकते, म्हणून रोजचा बदल व्हॉट्सॲप गटावर कळवावा आणि वार्तापत्रात टिकाऊ माहिती द्यावी: सामायिक बोअरची स्थिती, मोटार दुरुस्तीचा खर्च, छतावरील पावसाचे पाणी बोअरकडे वळवण्याचे ठरले असल्यास त्याचा तपशील.

गट असताना छापील अंक कशासाठी, असे अनेक जण विचारतात. आपल्या वसाहतीत शिकवणीसाठी बाहेरगावाहून आलेले विद्यार्थी आणि इतर भाडेकरू राहतात; ते घरमालकांच्या गटात नसतात. अनेक ज्येष्ठ नागरिक मोबाईलवर वाचत नाहीत. त्यामुळे प्रती मोजताना घरमालक न मोजता चुली मोजाव्यात.

जमाखर्च सोप्या शब्दांत अवश्य छापावा. सहकारी गृहनिर्माण संस्थेला वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. त्याआधीच्या अंकात हिशेब आल्यास सदस्य सभेत तयारीने बोलतात. वार्तापत्रातील निवेदन मात्र सभेच्या रीतसर नोटिशीची जागा घेऊ शकत नाही. थकबाकीदारांची नावे, सदस्यांचे मोबाईल क्रमांक आणि कोणते कुटुंब कधी गावाला जाणार आहे, हे अंकात देऊ नये. थकबाकीची एकूण रक्कम पुरेशी असते. नावे छापल्याने शेजाऱ्यांत येणारा दुरावा वसुलीनंतरही टिकतो.

ए-थ्री आकाराचा कागद मधोमध दुमडला की ए-फोर आकाराची चार पाने होतात. बहुतेक वसाहतींना तेवढी पुरतात. पाने वाढवायची असल्यास ती चारच्या पटीत वाढवावीत. ज्येष्ठांचा विचार करून मजकुराचा टाईप १४ पॉइंटपेक्षा लहान ठेवू नये, असे आमचे मत आहे. मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व संगणकांवर सारखीच वाचता येणाऱ्या प्रमाण अक्षरपद्धतीत, पाठवावा. जुन्या फॉन्टमध्ये टाईप केलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर वाचता न येण्याजोगा होतो आणि तो रूपांतरित करताना जोडाक्षरे बिघडण्याची शक्यता असते. व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवलेले छायाचित्र आकसते व छपाईत धूसर दिसते, म्हणून ते ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावे.

छपाईपूर्वी आम्ही प्रूफ, म्हणजे चुका तपासण्यासाठीची नमुना प्रत, देतो. ते संपादक आणि समितीतील आणखी एक व्यक्ती अशा दोघांनी वाचावे, त्यातही नावे, तारखा आणि रकमा मूळ कागदांशी ताडून पाहाव्यात. दोघांच्या सह्या झालेले प्रूफ मिळाल्यानंतरच आम्ही छपाईस घेतो.