स्वयंचलित आपत्कालीन ब्रेक प्रणाली : दोष आणि मर्यादा

पुढचे वाहन, पादचारी किंवा सायकलस्वार यांच्यावर गाडी आदळण्याच्या बेतात असताना चालकाचा पाय ब्रेकवर गेला नाही, तर स्वतःहून ब्रेक लावणारी मोटारगाडीतील यंत्रणा. व्यवहारात तिला ‘एईबी’ (ऑटोमॅटिक इमर्जन्सी ब्रेकिंग) म्हणतात. पुढच्या गाडीला मागून बसणाऱ्या धडका या यंत्रणेमुळे साधारण निम्म्या होतात, असे अमेरिकेतील विमा कंपन्यांच्या आयआयएचएस या संस्थेला आढळले आहे. यंत्रणा उपयोगी आहे यात शंका नाही. म्हणूनच ती कुठे चुकते हे गाडी चालवणाऱ्याला आणि दुरुस्त करणाऱ्याला नीट ठाऊक असायला हवे.

बंपर किंवा पुढच्या जाळीमागे ७७ गिगाहर्ट्झचा रडार आणि आरशामागे, काचेला लागून कॅमेरा, अशी नेहमीची मांडणी असते. पुढचे अंतर भागिले जवळ येण्याचा वेग, म्हणजे धडकेला उरलेला वेळ. ताशी ५० किमी वेगाने थांबलेल्या गाडीकडे जाताना २० मीटर अंतर उरले, तर हातात सुमारे १.४ सेकंद असतात. ब्रेक लवकर लावायचे ठरवले तर चालक आरामात बाजूने निघून गेला असता अशा जागीही गाडी कचकन थांबते. उशिरा लावायचे ठरवले तर धडक टळत नाही, फक्त तिचा जोर कमी होतो. अकारण ब्रेक आणि चुकलेला ब्रेक ही एकाच निर्णयाची दोन टोके आहेत. एक कमी केले की दुसरे वाढते.

अकारण ब्रेकला ‘फँटम ब्रेकिंग’ म्हणतात. रडार अंतर आणि वेग अचूक सांगतो, पण अनेक रडारना उंची नीट कळत नाही. चढावर वरून जाणारा पूल, कमानीवरचा फलक किंवा रस्त्यावर टाकलेली लोखंडी पट्टी त्याला थेट गाडीच्या वाटेत उभी दिसते. रस्त्यात बंद पडलेली गाडीही तशीच दिसते, कारण या साऱ्या वस्तू जमिनीशी स्थिर आहेत. म्हणून वेग जास्त असताना केवळ रडारला दिसलेल्या स्थिर वस्तूंना सॉफ्टवेअर कमी महत्त्व देते आणि कॅमेऱ्याच्या दुजोऱ्याची वाट पाहते. महामार्गावर थांबलेल्या वाहनापुढे यंत्रणा अनेकदा उशिरा जागी होते, ती यामुळे. मोकळ्या रस्त्यावर विनाकारण ब्रेक लागला तर मागून येणाऱ्याची धडक बसते. चालक मग वैतागून यंत्रणाच बंद करतो, आणि हे नुकसान सर्वात मोठे.

कॅमेऱ्याला अंधार, समोरचा मावळता सूर्य, वाफ धरलेली काच आणि मुसळधार पाऊस यांचा त्रास होतो. पादचारी ओळखणारी एईबी दिवसा आणि उजेडाच्या रस्त्यावर अपघात कमी करते, पण दिवे नसलेल्या अंधाऱ्या रस्त्यावर तिचा फरक पडलेला दिसला नाही, असे आयआयएचएसने २०२२ मध्ये नोंदवले. अमेरिकेत २०२४ मध्ये जाहीर झालेल्या नियमात अंधारातील पादचाऱ्याची चाचणी घातली आहे.

कारखान्यातून नीट निघालेल्या गाडीतली ही यंत्रणा बिघडते ती बहुधा दुरुस्तीनंतर. रडारचा कोन फक्त १ अंशाने सरकला तर १०० मीटरवर त्याची नजर १.७५ मीटर बाजूला जाते. साडेतीन मीटरच्या लेनमध्ये ही अर्धी लेन झाली. मग शेजारच्या लेनमधली गाडी समोर असल्यासारखी भासते. बंपरला किरकोळ ठोकर लागली, बंपरवर लांबी (पुट्टी) भरून पुन्हा रंग दिला, धातूचा अंश असलेला रंग जाड बसला किंवा पुढे लोखंडी गार्ड लावला, तरी रडार बिघडतो. काच बदलली की कॅमेऱ्याचे कॅलिब्रेशन, म्हणजे त्याचा कोन मोजून पुन्हा अचूक बसवणे, करावेच लागते.

कॅलिब्रेशनचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी चारही टायरमधील हवा कंपनीने सांगितल्याइतकी करावी, डिकीतले ओझे काढावे, मग व्हील अलाइनमेंट (चाकांचे कोन) तपासावी. मागची चाके तिरकी असतील तर गाडीची खरी दिशाच वेगळी असते आणि पुढचे सगळे मोजमाप फसते. त्यानंतर सपाट जमिनीवर, कंपनीने दिलेल्या अंतरावर व उंचीवर लक्ष्यफलक उभा करून स्कॅनरने (गाडीच्या संगणकाला जोडायच्या तपासणी यंत्राने) कोन बसवतात. काही गाड्यांत याऐवजी किंवा याखेरीज स्पष्ट लेनरेषा असलेल्या रस्त्यावर ठरावीक वेगाने गाडी चालवावी लागते. डॅशबोर्डवरचा दिवा विझला म्हणजे कोन बरोबर बसला, असे समजणे चूक आहे. थोडासा तिरकेपणा यंत्रणेला दोष म्हणून दिसतोच असे नाही.

सेन्सर अचूक असले तरी थांबवतात टायरच. संयुक्त राष्ट्रांचा नियम क्र. १५२ दर सेकंदाला किमान ५ मी./से. इतकी वेगघट मागतो. त्या दराने ताशी १०० किमी वेगाची गाडी थांबायला ७७ मीटर लागतात. कोरड्या रस्त्यावर चांगल्या टायरना ९ च्या दराने ४३ मीटर पुरतात. झिजलेले टायर आणि ओला रस्ता असेल तर हिशेब कोलमडतो, कारण ब्रेक कधी लावायचा हे ठरवताना यंत्रणेने चांगली पकड गृहीत धरलेली असते.

चालकाने ॲक्सिलरेटर जोरात दाबला किंवा स्टिअरिंग झटकन वळवले, तर बहुतेक यंत्रणा माघार घेतात. घाबरून चुकीच्या पेडलवर पाय पडला तर हीच सोय अंगाशी येते. गाडी थांबल्यावरही ब्रेक काही क्षणच धरला जातो. तो सुटला की ऑटोमॅटिक गाडी पुढे सरकू लागते, म्हणून पाय लगेच ब्रेकवर हवा. गाडी ओढून नेताना, रोलरवर ब्रेक तपासताना आणि पट्ट्यावर पुढे सरकवणाऱ्या धुलाई यंत्रात एईबी आधी बंद करावी. बहुतेक गाड्यांत इंजिन पुन्हा सुरू केले की ती आपोआप चालू होते, त्यामुळे मध्येच इंजिन बंद केले असेल तर पुन्हा तपासावे.