डोकं वाचवतो तो चेपणारा थर्माकोल

रस्त्याकडेला हेल्मेट विकणारा परवा गिऱ्हाइकासमोर माल दगडावर आपटून दाखवत होता. "बघा, ओरखडासुद्धा नाही!" गिऱ्हाईक खूश. मला मात्र तिथेच थांबून वाद घालावासा वाटला. मजबुतीची ही कल्पनाच उलटी आहे. कवच शाबूत राहिलं म्हणून मेंदू शाबूत राहत नाही. त्यासाठी आतलं काहीतरी मोडावं लागतं.

दुचाकीवर बसलेल्याचं डोकं जमिनीपासून साधारण दीड मीटरवर असतं. गाडी उभी असताना नुसतं कोसळलं तरी ते रस्त्यावर ताशी 19-20 किलोमीटर वेगाने आदळतं. हा वेग शून्य व्हायला किती अंतर मिळतं, यावर सारा खेळ. पडताना मिळालेली ऊर्जा म्हणजे वजन गुणिले उंची, आणि ती जिरते बल गुणिले थांबण्याच्या अंतरात. म्हणून उंचीला त्या अंतराने भागा. बोडकं डोकं 2 मिलिमीटरमध्ये थांबलं, तर 1500 भागिले 2, म्हणजे सरासरी मंदन (वेग कमी होण्याचा दर) गुरुत्व त्वरणाच्या 750 पट. आतला थर्माकोल 20 मिलिमीटर चेपला, तर फक्त 75 पट. कवचाचं काम आघात पसरवण्याचं आणि टोकदार वस्तू अडवण्याचं. ऊर्जा गिळतात त्या थर्माकोलच्या चुरडणाऱ्या हवाबंद पेशी. चुरडल्या की त्या पूर्ववत होत नाहीत, म्हणून जोरात आदळलेलं हेल्मेट बदलायचं.

असंच स्वस्तातलं एक हेल्मेट मी करवतीने कापलं. आत फक्त बोटभर स्पंज. अंगठ्याने दाबला, तर थेट कवचाला टेकला.

2023 मध्ये समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ अपघात टळावेत म्हणून महामृत्युंजय यंत्र बसवलं गेलं. वाईट वाटलं. दीड मीटरला भागायला यंत्र एक मिलिमीटरही देत नाही.

श्रीमंत देशांतलं संशोधन बराच काळ मोटारीतल्या माणसाभोवती फिरलं: सीट बेल्ट, एअरबॅग. आपल्याकडे 2022 मध्ये रस्त्यांवर 1,68,491 माणसं गेली, त्यातली सुमारे 44 टक्के दुचाकीवरची. आपले रस्ते पायी चालणाऱ्यांचे आणि दुचाकीवाल्यांचे आहेत, हे आयआयटी दिल्लीचे रस्ता-सुरक्षा संशोधक दिनेश मोहन आयुष्यभर सांगत राहिले. व्हिएतनामने 15 डिसेंबर 2007 पासून सगळ्या रस्त्यांवर सर्व दुचाकीस्वारांना हेल्मेट सक्तीचं केलं, आणि थोड्याच काळात नव्वद टक्क्यांहून अधिक डोक्यांवर ते दिसू लागलं. तिथल्या संशोधकांचं लक्ष मग पुढच्या प्रश्नांकडे वळलं: हनुवटीखालचा पट्टा लावलाय का, आणि आत थर्माकोल आहे का?