मोतीबिंदूनंतरचा जंतुसंसर्ग: थेंबांच्या बाटलीपासून ०.१ मिलीपर्यंत

‘डोळ्यांचं शिबिर’ हा शब्द मराठवाड्यात अजून चालतो, पण शिबिरातलं ऑपरेशन गावातून केव्हाच उठलं. १९९४ ते २००२ या काळात परदेशी कर्जावर सात राज्यांत मोतीबिंदूचा मोठा प्रकल्प चालला, त्यात महाराष्ट्र होता. शाळेच्या वर्गात टेबलं मांडण्याचा प्रकार त्याच सुमारास मागे पडत गेला. आता गावात फक्त तपासणी होते आणि म्हातारी माणसं गाडीत बसून पक्क्या ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) जातात. चीरही आक्रसली: टाक्यांच्या काळात १० ते १२ मिमी, बिनटाक्याच्या बोगद्याची ६-७ मिमी, फेकोची (ध्वनिलहरींनी मोतीबिंदू फोडून शोषून घेण्याच्या ऑपरेशनची) ३ मिमीहून कमी. तरी डोळ्यात पू होण्याचं भय गेलं नाही, कारण जंतू बहुतेक वेळा रुग्णाच्याच पापण्यांवरचे असतात.

त्या जंतूंवरचा सर्वांत भक्कम उपाय स्वस्त आहे आणि तो प्रतिजैविक नाही. पोव्हिडोन आयोडीनचा पुरावा १९९१मध्ये पुढे आला. डोळ्यात ५ टक्क्यांचं, पापण्यांच्या कातडीवर १० टक्क्यांचं, आणि डोळ्यात घातल्यावर घड्याळ लावून तीन मिनिटं थांबायचं. चुका होतात त्या इथेच. १० टक्क्यांच्या द्रावणात तितकंच निर्जंतुक सलाइन घालून ५ टक्के करता येतं, पण हात धुवायच्या स्क्रबची बाटली चालत नाही. त्यात साबण असतो आणि तो बुबुळाला (इथे, डोळ्यापुढच्या पारदर्शक पटलाला) भाजतो. बधिरतेची जेल आधी लावली तर तिचा थर आयोडीनला जंतूंपर्यंत पोहोचू देत नाही. म्हणून आधी आयोडीन, मग जेल.

‘जंतुनाशक’ हा आपला शब्द इथे घोळ घालतो. बेटाडीनलाही (म्हणजे पोव्हिडोन आयोडीनलाही) तोच आणि मॉक्सीच्या, म्हणजे मॉक्सीफ्लॉक्सासिन या प्रतिजैविकाच्या, थेंबांनाही तोच. त्यामुळे तीन दिवस थेंब घातलेला रुग्ण आणि त्याचे नातेवाईक ‘जंतू मेले’ असं समजून निवांत होतात. ऑपरेशनआधीच्या थेंबांनी पृष्ठभागावरचे जंतू कमी होतात हे खरं. त्यामुळे आत पू होणं कमी होतं, याचा तसा पुरावा नाही. ऑपरेशननंतर थेंब चालू ठेवले जातात, तेही बरंचसं सवयीने.

दिशा बदलली ती औषध कुठे द्यायचं या प्रश्नावर. स्वीडनमध्ये १९९०च्या दशकातच ऑपरेशन संपताना बुबुळामागच्या पोकळीत सेफ्युरोक्झिम हे प्रतिजैविक सोडायला सुरुवात झाली होती. युरोपातल्या नऊ देशांत सुमारे १६ हजार रुग्णांवर चाचणी झाली आणि २००६मध्ये ती मुदतीआधी थांबवावी लागली, कारण इंजेक्शन न मिळालेल्यांमध्ये संसर्ग जवळपास पाचपट दिसू लागला. आक्षेप तेव्हाच आला: तुलनेच्या गटातलं प्रमाणच फार जास्त आहे, आमच्याकडे इतकं नसतं. आक्षेप अगदीच पोकळ नव्हता, पण पुढच्या वर्षांत बऱ्याच देशांतल्या नोंदी त्या चाचणीच्याच बाजूने गेल्या.

भारतात हे औषध का रुजलं नाही, ते हिशेब केला की कळतं. हाताशी असते ती ७५० मिग्रॅची स्नायूत किंवा शिरेत द्यायची कुपी. त्यात ७.५ मिली सलाइन घातलं की प्रत्येक मिलीत १०० मिग्रॅ. त्यातलं १ मिली काढून ९ मिली सलाइनमध्ये मिसळलं की मिलीत १० मिग्रॅ, आणि त्याचे ०.१ मिली म्हणजे हवा तो १ मिग्रॅ. दुसरी पायरी विसरली की डोस दहापट, मग पडद्याला सूज. दिवसाला तीस-चाळीस डोळे होणाऱ्या ओटीत ही आकडेमोड परिचारिकेच्या खांद्यावर टाकणं धोक्याचं होतं.

मॉक्सीफ्लॉक्सासिनचं गणित सोपं: ०.५ टक्के म्हणजे मिलीत ५ मिग्रॅ, ०.१ मिलीत ०.५ मिग्रॅ, पाणी घालायची गरज नाही. २०१४पासून तमिळनाडूतल्या एका मोठ्या नेत्ररुग्णालय समूहाने ते सरसकट द्यायला घेतलं. २०१७मध्ये छापून आलेल्या सहा लाखांहून अधिक ऑपरेशनच्या आकड्यांत संसर्ग दहा हजारांत ७वरून २वर आला. ऑपरेशनमध्ये भिंगाची मागची पिशवी फाटलेल्या डोळ्यांत ०.४८ टक्क्यांवरून ०.२१वर. ही चिठ्ठ्या टाकून केलेली चाचणी नव्हती, नोंदींची तुलना होती, आणि टीकाकार आजही तिथेच बोट ठेवतात. आमच्या मते इतक्या मोठ्या आकड्यापुढे हा आक्षेप थिटा पडतो.

खरा वाद बाटलीचा आहे. थेंबांच्या बाटलीवर तेच ०.५ टक्के छापलेलं असतं, म्हणून पैसे वाचवायला तीच सिरिंजमध्ये ओढायचा मोह होतो. पण बऱ्याच थेंबांत टिकाऊपणासाठी रसायन किंवा दाटपणासाठी गोंद असतो, आणि तो आतल्या पेशींना सोसत नाही. दुसऱ्या दिवशी पट्टी सोडली की बुबुळ या कडेपासून त्या कडेपर्यंत धुरकट. याला वॉर्डात ‘रिअ‍ॅक्शन’ म्हणतात, आणि पू झाला तरी ‘रिअ‍ॅक्शन’च म्हणतात. पहिली १२ ते ४८ तासांत येते, दुखतं कमी, स्टेरॉइडने उतरते. दुसरा सहसा दोन ते सात दिवसांत, ठणक्यासह. डोळ्याच्या आत देण्यासाठीच बनवलेलं, एकाच डोळ्यासाठीचं पॅक घ्यावं, हे त्यावरचं उत्तर.

हे इंजेक्शन सगळं झाकत नाही. एकाच दिवशी पाच-सात डोळे बिघडले तर दोष पापण्यांत नसून बहुधा डोळा धुवायच्या रिंगर लॅक्टेटच्या बाटलीत, ऑपरेशनवेळी डोळ्यात भरायच्या जेलीत किंवा वाफेने हत्यारं निर्जंतुक करणाऱ्या ऑटोक्लेव्हमध्ये असतो, आणि सापडतो तो स्यूडोमोनास हा जंतू, ज्याच्यावर मॉक्सीचा भरवसा नाही. मार्चअखेरची टार्गेटं आणि लोडशेडिंग एकत्र आलं की ऑटोक्लेव्हची १२१ अंशांची फेरी मध्येच तुटते. वीज परतल्यावर ती उरलेल्या मिनिटांपासून नव्हे, पहिल्यापासून मोजायची असते. प्रत्येक बाटलीचा बॅच नंबर केसपेपरवर हवा, म्हणजे बाकीच्या बाटल्या लगेच बाजूला काढता येतात.

व्हँकोमायसिन या प्रतिजैविकाचं नशीब वेगळंच. प्रतिबंधासाठी ते काही देशांत सर्रास वापरात होतं. मग काही रुग्णांत, दिवसांनी किंवा आठवड्यांनी, पडद्याच्या रक्तवाहिन्या बंद पडून नजर गेली, आणि २०१७मध्ये अमेरिकेत इशारा निघाला. पू झालाच तर मात्र तेच लागतं: १ मिग्रॅ व्हँकोमायसिन आणि २.२५ मिग्रॅ सेफ्टाझिडिम (हेही प्रतिजैविकच), प्रत्येकी ०.१ मिलीत, वेगवेगळ्या सिरिंजमधून, कारण एकत्र केले की साका धरतो. पडद्याचे डॉक्टर प्रत्येक तालुक्यात नसतात. हिंगोली किंवा धाराशिवच्या आडगावातून मोठ्या शहरात पोहोचेपर्यंत निम्मा दिवस जातो, म्हणून जिथे ऑपरेशन झालं तिथेच नमुना काढून हे दोन्ही डोस देऊन मग रुग्णाला पुढे पाठवायची सोय असावी लागते.